बोरीच्या वळणावरची सरहद्द

सोलापूर मागं टाकून हैदराबादच्या रस्त्याला लागलात की तासाभरात नळदुर्ग येतं. उतरा. हातातला मोबाईल खिशात जाऊ द्या. किल्ला बघायला आलेल्या माणसाला इथं बुरूज दिसतात, तोफा दिसतात, फलक दिसतात आणि दोन तासांत तो भज्यांच्या गाड्यावर परत येतो. तुम्हाला किल्ला बघायचा नाही, त्यात राहायचं आहे. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळी माणसं होऊन. नावं मात्र मागू नका. इथं राबलेल्या बहुतेकांना इतिहासानं ती दिलीच नाहीत, मी कुठून देऊ?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सरहद्दीवरचा किल्ला म्हटलं की आपल्याला वाटतं, सरहद्द पक्की होती आणि तिची राखण करायला किल्ला बांधला. नळदुर्गात नेमकं उलट आहे. इथला काळा बसाल्ट जागचा हलला नाही, सरहद्दच फिरत राहिली. कधी ती उत्तरेला गेली, कधी पश्चिमेला, मधली काही वर्षं नाहीशीच झाली, आणि अगदी 1948 सालापर्यंत परत परत इथं येऊन उभी राहिली.

दरवाजातून आत या. पहिलं वळण घेताना उजेड कमी होईल. तिथंच पायातले बूट जातील आणि हातात टाकी-हातोडा येईल.

साल 1560 च्या आसपासचं. तुम्ही पाथरवट आहात. दोन वर्षांपूर्वी विजापूरच्या गादीवर अली आदिलशहा बसला आणि त्यानं हा जुना कोट नव्यानं बांधायला काढला. चालुक्यांच्या काळापासून इथं काही ना काही होतंच. नळ राजानं दमयंतीसाठी किल्ला बांधला असं गावातली म्हातारी माणसं छातीठोक सांगतात, आणि तुम्ही ते मान डोलावून ऐकता. आपण घडवलेल्या दगडाचं श्रेय उद्या कोणत्या राजाला जाईल याची पाथरवटाला काळजी नसते. बहमनी आले, त्यांची मोडतोड होऊन पाच शाह्या झाल्या, त्यात नळदुर्ग विजापूरच्या वाट्याला आला. आता सरकारी कागदांत त्याचं नाव शाहदुर्ग आहे. गावात मात्र कुणी तसं म्हणत नाही.

जागेची निवड तुमच्यासारख्या दगडात हात घातलेल्या माणसाला लगेच पटते. पठाराचा एक तुकडा पुढं घुसलेला, त्याच्याभोवती बोरी नदी खोल घळीतून वळसा घेते. कडे सरळ तुटलेले. त्यांच्या काठानं तट चढवला की नदीकडच्या बाजूंची अर्धी लढाई निसर्गानंच लढून दिलेली. पठाराला जोडलेल्या बाजूलाच खरं काम. तिथं बुरुजांची रांग दाट हवी, भिंत जाड हवी, आणि बुरूज गोल हवेत, कारण आता तोफेचा जमाना आहे. सपाट भिंतीवर गोळा नीट बसतो, गोलाव्यावरून घसरतो. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज बघितलात तर हा विचार दगडात उतरलेला दिसेल. प्रत्येक पाकळीतून शेजारच्या पाकळीच्या पायथ्यावर मारा करता येतो. चिकटून वर चढणाऱ्याला लपायला कोपराच उरत नाही.

संध्याकाळी हजेरी लागते. आदिलशाहीचा अंमल असला तरी तुमच्या रोजाचा आकडा लिहिणारा कुलकर्णी मोडीत लिहितो, मराठीत. अलीचा बाप पहिला इब्राहीम यानं गावोगावच्या जमाखर्चातून फारशी काढून देशभाषा आणली होती, आणि एकदा कुलकर्ण्याच्या बोरूला लागलेली सवय कोणत्या सुलतानाला मोडता येते?

हा खर्च कशासाठी, असं तुम्ही त्या कुलकर्ण्याला विचारलंत तर तो हसेल आणि म्हणेल, ‘‘हुंड्यासाठी!’’ त्यात चेष्टा थोडीच आहे. 1524 साली विजापूरच्या शाहजादीचं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी लग्न लागलं. सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर द्यायचा असं ठरलं होतं असं निजामशहाचं म्हणणं. किल्ला काही मिळाला नाही. त्या एका न दिलेल्या हुंड्यापायी पुढं चाळीस वर्षं दोन दरबार एकमेकांच्या उरावर बसले. सोलापूर कधी याचं, कधी त्याचं, आणि सोलापूर हललं की नळदुर्गात तोफांची तोंडं फिरायची. शेवटी तालिकोटच्या 1565 च्या लढाईआधी, विजयनगरविरुद्ध एकत्र येण्याची निकड लागली तेव्हा, हुसेन निजामशहाची लेक चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला तिच्यासोबत आंदण आला. म्हणजे तोच किल्ला, फक्त या वेळी उलट्या वरातीतून. तुमच्या कोनाड्यातल्या दगडावर अजून तीन टाके मारायचे राहिलेत. मारा, आणि पुढच्या वळणाला चला.

वीसेक वर्षं गेली. आता तुम्ही पखालवाले आहात. तटावर पाणी पोचवायचं काम. तोफ डागली की तिचं पोट तापतं, ते निववल्याशिवाय दुसरा बार भरता येत नाही; तहानलेले गोलंदाज तर वेगळेच. पाठीवरची पखाल ओली, मान वाकलेली, आणि बाहेर पठारावर नजर जाईल तिथपर्यंत तंबू.

1580 साली विजापुरात अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर त्याचा पुतण्या, नऊ-दहा वर्षांचा पोर, दुसरा इब्राहीम. कारभार कुणी करायचा यावरून सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले. शेजारचं घर असं फाटलेलं दिसलं की शेजाऱ्यांना धीर होतो. अहमदनगरची फौज निघाली, गोवळकोंड्याची तिला येऊन मिळाली, आणि दोघांनी मिळून शाहदुर्गाला वेढा घातला. गोवळकोंड्याच्या छावणीत एक नवा सुलतान आहे, पंधरा वर्षांचा मुहम्मद कुली कुतुबशहा. तटावरून तुम्हाला त्याची छत्री दिसते की नाही, सांगता येत नाही. पण पुढं दहा वर्षांनी हा पोरगा मुसी नदीकाठी हैदराबाद नावाचं शहर वसवणार आहे, आणि त्या शहराचा हुकूम एक दिवस याच किल्ल्यावर चालणार आहे. आत्ता त्याला किल्ल्यात यायला दरवाजा सापडत नाही.

दिवसा तोफा चालतात. तुमच्या पायाखालची फरशी आधी थरथरते, आवाज मागाहून येतो. रात्री आतल्या गवंड्यांचं काम: जिथं तट ढासळला तिथं मागं दगडमातीची दुसरी भिंत उभी करायची, सकाळी शत्रूनं भगदाडाकडं धाव घेतली की त्याच्यासमोर पुन्हा भिंतच. तुम्ही पाणी ओतता, ते चुना कालवतात. बोलायला कुणाला सवड नाही.

तोफांनी जमेना तेव्हा थैली पुढं आली. किल्लेदाराला निरोप आला: किल्ला खाली कर, हवी ती जहागीर घे. गादीवर पोर, राजधानीत अंदाधुंदी, पगाराची खात्री नाही. अशा वेळी दहातले नऊ किल्लेदार काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. हा तुर्कमान गडी नाही म्हणाला. का म्हणाला, हे त्यालाच ठाऊक. निष्ठा असेल, किंवा देऊ केलेल्या जहागिरीवर विश्वास नसेल, किंवा हट्ट असेल. एवढं खरं की त्याच्या नकारानं वेढा फसला. दोन्ही फौजांनी तळ उचलला आणि त्या थेट विजापूरवर गेल्या. तेही पडलं नाही. तिथं चांदबिबी होती, पण ती गोष्ट वेगळ्या तटाची.

शेवटचा तंबू उठला त्या दिवशी तुम्ही पखाल उलटी टांगता. खांद्याला पडलेला घट्टा जन्मभर राहणार आहे.

आता खाली उतरायचं. नदीकडं. हा भाग मी सावकाश नेणार आहे, कारण नळदुर्गात एकच जागा बघायला वेळ असेल तर ती ही.

1613 साल जवळ आलंय. तुम्ही वडाराची सून आहात, डोक्यावर चुन्याचं घमेलं आहे. वडारांचे तांडे कामामागं फिरत इथं आलेत. तुमच्या आपसातल्या बोलीत तेलुगू डोकावते, मुकादम दखनीत ओरडतो, हिशेब मराठीत होतो आणि खालच्या अंगाला दोन दिवसांच्या वाटेवर कानडी सुरू होतं. घाणीत बैल गोल फिरतात, चुना मळला जातो. नदीच्या एका काठावर मुख्य किल्ला, समोरच्या काठावर रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला. मधल्या घळीत नव्वदेक फूट उंचीचा दगडी बांध उभा करायचा आहे. बोरीला अडवायचं, म्हणजे तटाच्या एका बाजूला कायमचं पाणी. खंदक खणायला नको. आतल्या लोकांना प्यायला आहेच, बाहेरच्यांना बुडायलाही. शिवाय बांधाच्या माथ्यावरून चालत दोन्ही किल्ल्यांत ये-जा.

लष्करी हिशेब इथं संपतो. कोणत्याही कामसू सुलतानानं इथंच काम थांबवलं असतं. पण विजापुरात तो पोर इब्राहीम आता मोठा झालाय, चाळिशी ओलांडलीय, गाण्यात बुडालेला आहे, स्वतः पदं रचतो, सरस्वतीला आणि गणपतीला वंदन करतो आणि प्रजा त्याला जगद्गुरू म्हणते. त्याच्या राज्यातल्या मीर इमादीन नावाच्या स्थापत्यविशारदाला एक कल्पना सुचली, किंवा सुलतानाला सुचली आणि त्यानं ती झेलली: या बांधाच्या पोटात महाल करायचा. भिंतीच्या आत खोल्या, खोल्यांना सज्जा, सज्जासमोर कोसळतं पाणी.

घमेलं उतरवून जरा विचार करा, हे किती अवघड आहे. धरण म्हणजे पाण्याच्या रेट्याला टेकू देणारं वजन. त्याचं पोट कोरलंत तर वजन कमी होतं, ताकद जाते. आणि पावसाळ्यात बोरीला लोंढा येतो तेव्हा तो बांधाच्या डोक्यावरून सरळ खाली आला तर खालच्या महालाचं काय? म्हणून माथ्याशी दोन सांडवे ठेवले. वाढलेलं पाणी त्या दोन वाटांनीच पडतं, महालाच्या दोन अंगांनी. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. दोन्ही धबधबे ऐन भरात असताना आतल्या सज्जात उभं राहिलं तर तोंडावर तुषार येतात, बोललेलं ऐकू येत नाही, आणि खोलीची जमीन कोरडी असते. चारशेहून अधिक पावसाळे बोरीनं हे काम तपासून घेतलंय. हल्ली सरकारी बंधाऱ्यांची पहिल्याच पुरात जी दशा होते ती वर्तमानपत्रात वाचताना मला दर वेळी मीर इमादीनची आठवण येते.

तुम्हाला त्यातलं काही दिसणार नाही. काम संपलं की तुमचा तांडा पुढच्या कामाला निघेल, पाणी अडायच्या आधीच. महालात सुलतान बसेल, बेगमा बसतील, किल्लेदाराचे पाहुणे बसतील. भिंतीत फारशी शिलालेख बसवला जाईल. त्यात बांधणाऱ्याचं नाव आहे, म्हणजे नकाशा काढणाऱ्याचं. दगड वाहणाऱ्यांची नावं लिहायला आणखी एक बांध लागला असता.

मला या महालाचं नवल दुसऱ्याच कारणासाठी वाटतं. बाहेर तेव्हा शांतता नव्हती. अहमदनगरचा किल्ला 1600 सालीच मुघलांनी घेतला होता. निजामशाहीचा उरलेला संसार मलिक अंबर पाठीवर बांधून पळवत होता. दिल्लीचं सैन्य दख्खनेत घट्ट पाय रोवत होतं, आणि आदिलशाहीची उत्तर सरहद्द उद्या कुणाच्या तोंडाला लागणार हे स्पष्ट होतं. अशा वेळी, अशा जागी, तटबंदीच्या सगळ्यात मोठ्या कामात एका राजानं पाऊस बघायला खिडकी ठेवली. शहाणपण की बेफिकिरी, तुम्ही ठरवा. मी तर तिथं गेलो की खिडकीच्या बाजूचा होतो.

उपली बुरुजावर आता भराभर चढायचं आहे. किल्ल्याच्या मधोमध उंच उभा असलेला हा एकांडा बुरूज, सत्तरावर पायऱ्या, माथ्यावर लांबलचक तोफा. इथून चौफेर कोसन् कोस दिसतं. तुम्ही गस्तीवरचे शिपाई. साल 1677.

खाली दिसतो तो सोलापूरचा रस्ता आता परमुलखात जातो. 1668 च्या तहात विजापूरनं सोलापूर औरंगजेबाला देऊन टाकलं. हुंडा म्हणून चाळीस वर्षं ज्याच्यासाठी रक्त सांडलं तो किल्ला एका कलमात गेला. तेव्हापासून तुमची सरहद्द पश्चिमेला, दिवसभराच्या मजलेवर, आणि तोफांची तोंडं त्या दिशेला. पण तुम्हाला खरी चिंता तोफांची नाही. सहा महिने पगार नाही. विजापुरात दखनी आणि पठाण सरदारांची मारामारी. मुघल सुभेदार बहादूरखान सैन्याइतकीच थैली घेऊन हिंडतो असं बाजारात बोलतात. तुमच्या आजोबांनी सांगितलेली त्या तुर्कमान किल्लेदाराची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मे महिन्याच्या एका सकाळी कळतं की या वेळी वरून नकार गेला नाही. दरवाजा उघडलाय. उपली बुरुजावरच्या तोफांना बत्तीसुद्धा लागली नाही. नऊ वर्षांनी विजापूर पडलं आणि मग सरहद्दच उरली नाही. सगळीकडं मुघल. असल्या किल्ल्याचं काय करायचं, हे सरहद्द नसताना कुणालाच सुचत नाही.

अठरावं शतक मी ओलांडून जातो. निजाम-उल्मुल्क हैदराबादेत स्वतंत्र झाला, मराठ्यांशी त्याच्या लढाया-तह-लढाया चालल्या, चौथाई-सरदेशमुखीचे कारकून इकडून तिकडं फिरले. पुढची गाठ 1818 ची. पेशवाई बुडाली, सोलापूर कंपनी सरकारकडं गेलं, नळदुर्ग निजामाकडं राहिलं. आणि सरहद्द परत आली! पश्चिमेला इंग्रजी मुलूख, पूर्वेला मोगलाई. लोक निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणत राहिले, मुघल जाऊन जमाना झाला तरी.

1853 साली तुम्ही कारकून आहात, पागोटं नीट बांधा. कंपनीच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाकडं थकलेली बाकी फुगत गेली आणि डलहौसीनं त्याच्याकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि हा नळदुर्गचा मुलूख लिहून घेतला. एक गोळी न उडता तुम्ही मोगलाईतून इंग्रजीत आलात. नवा डेप्युटी कमिशनर मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीनं विलायतेत नाव कमावलेला, आयुष्य निजामाच्या नोकरीत घालवलेला, फारशी-हिंदुस्थानी-मराठी येणारा माणूस. किल्ल्यातल्या जुन्या इमारतीत मुक्काम ठेवतो, बांधावर फेऱ्या मारतो, जमिनीची पाहणी, रस्ते, तळी यांचे कागद तुमच्या पुढ्यात ठेवतो. साहेब बरा आहे, असं तुम्ही घरी सांगता. साहेब जात राहतात याची तुम्हाला कल्पना आहे. 1857 च्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात बुलढाण्याला बदली झाली. 1860 साली सरकारनं नळदुर्ग निजामाला परत केलं, उठावात इंग्रजांना साथ दिल्याबद्दल. म्हणजे सात वर्षं इंग्रजी, मग परत मोगलाई. तुमचा पगार पुन्हा बदलला, इंग्रजी कलदारातून निजामाच्या हाली रुपयात. दप्तरातले कागद तेच.

आणि आता पूल.

किल्ल्यातून बाहेर या, हमरस्त्यावर बोरी नदीचा पूल आहे तिकडं. तुम्ही बारा-तेरा वर्षांचे आहात. शाळेत सगळं उर्दूतून चालतं, घरात मराठी. सोलापूर तुम्हाला माहीत आहे ते मामाच्या गावामुळं. जाताना करोडगिरीच्या नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागतं, जकात द्यावी लागते, हाली पैसे बदलून कलदार घ्यावे लागतात. पलीकडं 15 ऑगस्ट 1947 ला झेंडा चढला. तुमच्याकडं नाही. निजामानं ना भारतात विलीन व्हायचं ठरवलं ना पाकिस्तानात. वर्षभर ताटकळलेलं हे राज्य, आणि त्यात लातूरच्या कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ. रात्री गावाच्या दिशेनं गाड्या आल्या की आई तुम्हाला कणगीमागं ढकलते. शेजारची दोन घरं कुलूप लावून सोलापूरला गेलीत. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसची पोरं येतात, नाके उडवतात, परत जातात. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी याच रस्त्यावर असंच चालायचं, फक्त तेव्हा घोडे होते.

13 सप्टेंबर 1948. अजून उजाडलेलं नाही. पश्चिमेकडून घरघर येते. पावसाळी ढग असतील असं वाटतं, पण ती थांबत नाही. जमीन थरथरते. सोलापुरातून भारतीय सैन्याची मुख्य फळी निघाली आहे, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली, आणि तिच्या वाटेवरचं पहिलं ठाणं नळदुर्ग आहे. पहिली लढाईसुद्धा इथंच. किल्ल्यात आणि आसपास निजामाची पायदळ पलटण बसलेली आहे. तिच्या हातात खरं हत्यार एकच होतं: हा पूल. तो उडवला असता तर भादव्यातल्या बोरीनं रणगाड्यांना कितीतरी वेळ अडवून धरलं असतं. नदी, घळ आणि वळण, अली आदिलशहानं ज्या हिशेबानं ही जागा धरली तोच हिशेब 1948 मध्येही लागू होता. पण सातव्या ब्रिगेडनं इतक्या वेगानं मुसंडी मारली की पूल शाबूत हाती आला. मागोमाग शीख पलटण किल्ल्याकडच्या मोर्चांवर चालून गेली. थोड्या वेळानं गोळीबार विरळ झाला. तुम्ही गच्चीवरून बघता तेव्हा पुलावरून गाड्यांची रांग पूर्वेला चालली आहे, हैदराबादकडं. पाच दिवसांत सगळं आटोपलं. 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती मान्य केली. लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात, पोलीस कुठं दिसले नाहीत तरी.

गोष्ट इथं थांबवली असती तर झकास झाली असती. तुम्ही मात्र गच्चीवरच आहात, आणि पुढचे आठवडेही तुम्हाला दिसतात. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर निघाला. दिल्लीहून आलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त झळ पोचलेले म्हणून जे जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद होता, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडसोबत. तो अहवाल कित्येक वर्षं बासनात राहिला. तुमच्या वर्गातला, उर्दू शुद्धलेखनात पहिला येणारा मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. त्याचं काय झालं हे विचारायचं नाही असं आईनं बजावलं, आणि तुम्ही विचारलं नाही.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. नाका गेला, हाली रुपये गेले. एकेकाळी अख्ख्या जिल्ह्याला नळदुर्गचं नाव होतं. मुख्य ठाणं धाराशिवला गेलं, त्याचं उस्मानाबाद झालं, आणि आता परत धाराशिव. सरहद्द म्हणाल तर फार लांब गेलेली नाही. पूर्वेला थोडं पुढं गेलात की आळंद तालुका, कर्नाटक. पाट्यांची लिपी बदलते. तिथला माणूस तुमच्याशी मराठी बोलतो आणि बायकोशी कानडी.

किल्ल्याचं म्हणाल, तर तट जागोजाग ढासळलेत, रंगमहालाला छप्पर नाही, अंबारखान्यात वटवाघळं. मधल्या काळात डागडुजी झाली, बाग झाली, पुष्कळ लोक येऊ लागले. पावसाळ्यात बांध भरला की नर-मादी बघायला सोलापूर-लातूरच्या गाड्यांची इतकी गर्दी होते की पुलापर्यंत रांग लागते. सज्जात सेल्फी काढणाऱ्या पोरापोरींना इब्राहीम आदिलशहा ठाऊक नाही. त्याचं काही बिघडत नाही. खिडकी त्यानं कामाचीच ठेवली होती.

तुम्हाला निघायची घाई नसेल, आणि मार्गशीर्ष असेल, तर शेवटची एक वेळ थांबा. यात काळ बदलावा लागत नाही. नळदुर्गाच्या मैलारपुरात आणि शेजारच्या अणदूरमध्ये खंडोबाची दोन देवळं आहेत आणि देव एकच. वर्षातला बराच काळ तो अणदूरला असतो, मग पालखीतून नळदुर्गला येतो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा इथं भरते, आणि नंतर त्याला परत पोचवायचं असतं. दोन गावं, देव वाटून घेतलेला, भांडणाला जागा भरपूर. म्हणून देव नेताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. त्यात आणायचं-न्यायचं लिहितात आणि सह्या करतात. निजामशहा, आदिलशहा, औरंगजेब, डलहौसी, सगळ्यांचे कागद या मुलखानं बघितले. त्यातले किती पाळले गेले ते तुम्ही आत्ताच बघून आलात. हा दर वर्षी पाळला जातो. तुमच्या हातात कुणीतरी दिवटी दिलीय, कपाळाला भंडारा फासलाय, मागून धक्का बसतोय. ‘‘सरका की पाव्हणं, पालखी आली!’’ येळकोट येळकोट करत चालायला लागा. वाटेत नाका नाही.